तिथी ठरवून येणारा अतिथी

अतिथी या शब्दाची फोड जुने पंडित अशी करीत आले आहेत की, ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी. तो केव्हा येईल हे ठाऊक नसते, किती दिवस राहील हे विचारावयाचे नसते, आणि गेल्यावर त्याच्यापायी खर्च किती झाला हे मोजावयाचे नसते. या व्याख्येप्रमाणे पाहू गेल्यास आमच्या घरी हल्ली जी माणसे उतरतात त्यांना अतिथी म्हणण्याची मुळीच सोय नाही. त्यांची येण्याची तिथी महिनाभर आधी ठरलेली असते; जाण्याची तर तिथीच काय, घटकाही ठरलेली असते, सकाळचे अकरा; आणि खर्चाचा आकडा त्यांनी उंबरठा ओलांडण्यापूर्वीच आमच्या खात्यावर जमेस पडलेला असतो. इतके असूनही आम्ही त्यांना पाहुणेच म्हणतो आणि तेही स्वतःला पाहुणेच म्हणवितात. हा निव्वळ बोलण्याचा शिष्टाचार आहे, की पैसे घेतल्यावरही पाहुणा या शब्दात काही अर्थ शिल्लक राहतो, याचा विचार करण्याची पाळी आमच्यावर पुष्कळदा आली आहे. त्या विचाराचा झाडा येथे द्यावा असे वाटते.

प्रथम व्यवहार काय आहे तो सांगतो. दापोली तालुक्यात, समुद्रापासून पाच-सात मिनिटांच्या वाटेवर आमचे वडिलोपार्जित घर आहे. पुढे पडवी व ओटी, मध्ये माजघर, मागे परसू आणि त्यापलीकडे नारळी-पोफळीची वाडी, अशी कोकणातील पुष्कळ घरांची असते तीच त्याची मांडणी. या घरात एके काळी एका पंगतीला वीस पाने मांडली जात. आता आम्ही उभयता आणि आमच्या काकू अशी तीनच माणसे उरली आहेत. बाकीची मंडळी मुंबई-पुण्यास व त्याहूनही दूर पांगली. माणसे गेली म्हणून घर लहान होत नाही. दर पावसाळ्यापूर्वी ते शाकारावे लागते, वाशांना वाळवी लागते, आणि वापर नसलेली खोली वापरातल्या खोलीपेक्षा लवकर जीर्ण होते. अशा घरात राहावयाचे तर घराने स्वतःपुरते तरी मिळविले पाहिजे, असा विचार करून २०१४ सालच्या दिवाळीपासून माडीवरच्या दोन खोल्या आम्ही प्रवाशांसाठी मोकळ्या केल्या. खोल्यांना न्हाणीघर जोडून घेतले, गाद्या नव्याने भरविल्या, खिडक्यांना डासांची जाळी बसविली. आज एका रात्रीचे अडीच हजार रुपये. त्यात सकाळचा चहा व न्याहारी. जेवण हवे असल्यास त्याचा दर निराळा. आरंभी पाहुणे ओळखीच्यांच्या ओळखीने येत. पुढे मोबाईलवरून खोल्या ठरवून देणाऱ्या कंपन्यांचे दिवस आले, आणि आमच्या पडवीवरचा झोपाळा आम्ही कधी न पाहिलेल्या शहरांतील लोकांच्या हाती जाऊन पोहोचला.

या कंपन्यांतील सर्वांत विख्यात जी एअरबीएनबी, तिचा जन्मही अशाच गरजेतून झाला. २००७ सालच्या शरद ऋतूत सॅन फ्रान्सिस्को शहरात दोन तरुणांना घरभाडे भरणे जड जात होते. शहरात एक परिषद भरली होती व हॉटेले भरून गेली होती. त्यांनी आपल्या बिऱ्हाडात हवेच्या तीन गाद्या अंथरून तीन पाहुण्यांना झोपण्यास जागा व सकाळी न्याहारी दिली. पुढच्या वर्षी त्यातून कंपनी उभी राहिली. म्हणजे तिकडील सुशिक्षित तरुणांना आणि इकडील जुन्या घरांच्या मालकांना एकच युक्ति सुचली. घरात रिकामी जागा आहे, खिशात पैसा नाही, आणि रस्त्यावर माणसे आहेत.

आमच्या या उद्योगाला पहिला विरोध घरातूनच झाला. काकूंनी त्या वेळी सत्तरी ओलांडली होती. त्यांनी सरळच विचारले, "अरे, जेवायला वाढून त्याचे पैसे घ्यायचे? आपल्या घरात आजवर कुणी अन्न विकलेले नाही." अन्नविक्रय हा शास्त्रातला शब्द त्यांनी उच्चारला नाही, परंतु त्या शब्दामागचा सारा संकोच त्यांच्या स्वरात होता. पुण्याच्या आमच्या एका विद्वान मित्रांनी पत्रातून हाच आक्षेप जरा निराळ्या भाषेत मांडला. त्यांचे म्हणणे असे की, आतिथ्य ही आपल्या समाजाने फुकट द्यावयाच्या गोष्टींत राखून ठेवलेली शेवटची गोष्ट. तीही दराच्या पाटीवर चढविली म्हणजे मग माणसामाणसांत देवघेवीवाचून काही उरले नाही असे समजावे.

हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आमच्या लहानपणी हर्णै बंदरात अवेळी बोटीतून उतरलेला कोणी दूरच्या गावचा गृहस्थ कंदिलाच्या उजेडात ओटीवर येऊन बसलेला आम्ही पाहिला आहे. त्याला हातपाय धुण्यास ऊन पाणी मिळे, पिठले-भात मिळे, आणि पहाटे पुढच्या वाटेचा सोबती गाठून देण्याची काळजीही घरच्या वडील माणसाला असे. त्याचे नाव पुढे कोणाच्या लक्षातही राहत नसे. अशा आठवणी ज्यांच्या गाठीशी आहेत त्यांना अडीच हजारांची पावती पाहून वाईट वाटले तर नवल नाही. परंतु या जुन्या आतिथ्याचे गुणगान करताना एक प्रश्न विचारावयाचा नेहमी राहून जातो. ओटीवर येऊन बसलेला तो गृहस्थ कोण होता?

तो कोणीही नव्हता. ओटीवर पाय ठेवताच त्याला पहिला प्रश्न 'कोण गावचे?' असा पडे आणि दुसरा 'कुणापैकी?' असा पडे. या दोन प्रश्नांत जिव्हाळा होता हे खरे, पण त्यांत चाळणीही होती. तिच्यातून जो खाली उतरेल तो माजघरापर्यंत जाई. कोणी ओटीवर थांबे, कोणी अंगणात. आणि कित्येकांना अंगणापर्यंत येण्याचीही छाती होत नसे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात अतिथीची व्याख्या दिली आहे, ती या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. एक रात्र राहणारा ब्राह्मण तो अतिथी, असे तेथे म्हटले आहे. ब्राह्मणाच्या घरी आलेला क्षत्रिय अतिथी ठरत नाही. वैश्य किंवा शूद्र आला तर दयाबुद्धीने त्याला नोकरांबरोबर जेवू घालावे, असेही तेथे सांगितले आहे. अतिथीला देव मानण्याची तैत्तिरीयोपनिषदातली आज्ञा सर्वांना मुखोद्गत आहे, सरकारच्या पर्यटन खात्यानेही ती आपल्या जाहिरातीत वापरली. परंतु देव कोणाला समजावयाचे याचा हिशेब मात्र या दुसऱ्या वहीत लिहिला जात होता.

फार लांबचे उदाहरण नको. आमच्याच तालुक्यातील मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. १८९३ साली कर्व्यांनी एका विधवेशी विवाह केला, आणि मुरुडच्या मंडळींनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या गावच्या ओट्यांवर परगावच्या अनोळखी जातभाईला मानाने बसवून घेतले जाई, त्याच गावात गावच्या मुलाला आपल्या माणसांत मोकळेपणाने येऊन राहता येईना. फुकट आतिथ्याचे मोल पैशात घेतले जात नसे. ते दुसऱ्याच एका नाण्यात, म्हणजे जातीच्या आज्ञेत राहण्याच्या कबुलीत, आधी घेऊन ठेवलेले असे. त्या नाण्याचा ज्याच्याकडे तुटवडा, त्याला दार बंद.

याहून जवळचा असा आणखी एक प्रश्न आहे. हे आतिथ्य फुकट होते असे आपण म्हणतो, ते कोणाला फुकट होते? रात्री उशिरा पाहुणा आला म्हणजे ओटीवरच्या पुरुषाने 'या, या, बसा' म्हणावयाचे, आणि आतल्या बाईने विझविलेली चूल पुन्हा पेटवावयाची. आदरातिथ्याची कीर्ती घराच्या नावावर जमा होई, व तिचा खर्च माजघरात पडे. पाण्याच्या खेपा, दळण, उष्टी-खरकटी, दुसऱ्या दिवशीची अंथरुणे यांचा हिशेब कधी झाला नाही, कारण तो करावयाचा कोणी? हिशेब लिहिणारा ओटीवर होता. ज्या स्त्रियांनी परक्यांना जेवू घालण्याचे उघडपणे पैसे घेतले त्यांची कहाणी मुंबईच्या गिरणगावाने पाहिली आहे. कुटुंब गावी ठेवून आलेल्या कामगारांना महिन्याच्या बोलीने जेवण देणाऱ्या या खानावळवाल्या बायका सावकारांच्या कर्जात रुतलेल्या होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली. त्या स्त्रियांना अन्नविक्रयाचे पाप लागले असे म्हणण्यास आमची तरी जीभ रेटत नाही.

आमच्या काकूंचे मतही कोणाच्या व्याख्यानाने बदलले नाही. पहिल्याच हंगामात पुण्याच्या एका कुटुंबाने उकडीच्या मोदकांची इच्छा दर्शविली. नारळ खवण्यापासून पाकळ्या काढण्यापर्यंत सारे काम काकूंनी केले, म्हणून त्याचे पैसे आम्ही त्यांच्याच हातावर ठेवले. त्यांनी ते बराच वेळ मुठीत तसेच धरले. "हे माझे?" असे दोनदा विचारले, आणि मग पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवले. त्या रात्री जेवणे आटोपल्यावर त्या कुटुंबातली तरुण सून स्वयंपाकघराच्या दाराशी आली व म्हणाली, "आजी, तुम्ही जेवलात का? आम्ही आपले खातच बसलो." ती वर गेल्यावर काकू आम्हांला म्हणाल्या, "अरे, पन्नास वर्षे वाढते आहे. फुकट जेवून गेलेल्यांपैकी एकाने तरी हे विचारले होते का?" त्यानंतर अन्न विकण्याविषयी त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत. मात्र दर काय असावा याविषयी बोलू लागल्या, आणि तो आमच्यापेक्षा चढाच सांगतात.

येथवर वाचून कोणी असे म्हणेल की, मग पैसा हाच खरा समतावादी. तो खणखणीत वाजला की जात, धर्म, लिंग यांचे सारे आवाज बंद पडतात. आमचे असे म्हणणे नाही. भाडे भरूनही माणसाला रस्त्यावर यावे लागते, याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून आल्यावर १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहण्यास जागा मिळेना. अखेर एका पारशी उतारगृहात रोजचे भाडे ठरवून, पारशी नाव धारण करून त्यांनी मुक्काम केला. अकराव्या दिवशी काही पारशी मंडळी काठ्या घेऊन दारात उभी राहिली, व संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांनी बजावले. ते एका सार्वजनिक बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्यांच्याकडे पैसा होता, विद्या होती, संस्थानची नोकरी होती. नव्हती ती एकच गोष्ट, आणि ती भाड्याच्या दरात धरलेली नव्हती.

शंभर वर्षांनी, समुद्रापलीकडे, हीच गोष्ट आकड्यांत सिद्ध झाली. हार्वर्ड विद्यापीठातील तिघा संशोधकांनी अमेरिकेतील पाच शहरांत एअरबीएनबीच्या सुमारे ६,४०० यजमानांकडे राहण्याविषयी विचारणा धाडल्या. मजकूर एकच, फक्त विचारणाऱ्याचे नाव कोठे गोऱ्या अमेरिकनाचे वाटेल असे, कोठे कृष्णवर्णीयाचे वाटेल असे. कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना होकार मिळण्याचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांनी कमी भरले. हा निबंध २०१७ साली प्रसिद्ध झाला. कंपनीनेही नंतर काही उपाय केले. २०१८ पासून पाहुण्याचे छायाचित्र यजमानास होकार दिल्यानंतरच दिसू लागले, आणि ओरेगॉन राज्यातील पाहुण्यांच्या बाबतीत २०२२ सालच्या जानेवारीअखेरीपासून नावाच्या जागी केवळ आद्याक्षरे दाखविण्याचा प्रयोग सुरू झाला. छायाचित्र झाकण्याने तिकडे काही अंशी काम भागेल. आमच्याकडे एक आडनाव पुरे. 'कुणापैकी?' हा प्रश्न आता ओटीवर विचारावा लागत नाही, त्याचे उत्तर पडद्यावर आधीच आलेले असते. जुना यजमान निदान समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहून नकार देई. नव्या यजमानाला 'त्या तारखांना खोली मोकळी नाही' एवढे चार शब्द टंकून सुटता येते, आणि नाकारलेल्याला आपण का नाकारले गेलो याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून आमच्या घरात दोन नियम आम्ही घालून घेतले आहेत. पहिला असा की, खोली मोकळी असल्यास ती मागणाऱ्यास तत्काळ मिळावी. यजमानाच्या होकारासाठी त्याने थांबू नये. कंपन्यांच्या व्यवस्थेत तशी सोय आहे. त्यामुळे पाहुण्याचे नाव आम्हांला कळते ते त्याची खोली ठरून गेल्यावर. तो आल्यानंतर त्याचे ओळखपत्र पाहतो, नोंदवहीत लिहितो, परदेशी असल्यास कायद्याप्रमाणे २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारास कळवितो. ही सारी चौकशी आत आलेल्याची आहे. आत घ्यावे की न घ्यावे यासाठी केलेली नाही. गावात अधूनमधून कोणी सहज म्हणून विचारतो, "परवा तुमच्याकडे कोण उतरले होते हो?" आम्ही सांगतो, "दोन रात्रींचे पाहुणे होते." विचारणाऱ्याचे समाधान होत नाही, पण उत्तर खरे असते.

दुसरा नियम असा की, घराची बंधने कृतीला असावीत, माणसाला नसावीत. आमच्या चुलीवर मासे होत नाहीत, कारण काकूंना तो वास सोसत नाही. हे आम्ही आधीच स्पष्ट लिहितो. परंतु हर्णैच्या बंदरावर होणारा मासळीचा लिलाव पाहून या असे पाहुण्यांना आम्हीच सुचवितो, आणि चांगले कालवण कोणत्या घरी मिळते तेही सांगतो. रात्री दहानंतर मोठ्याने गाणी लावू नयेत, भरतीच्या वेळी समुद्रात उतरू नये, विहिरीवर साबण नेऊ नये, ही बंधने सर्वांना सारखी. मात्र 'फक्त शाकाहारी कुटुंबांकरिता' अशा पाट्या पाहतो तेव्हा मन अस्वस्थ होते. ही पाटी वरवर कृतीचा नियम सांगते. नीट वाचली तर तिचा अर्थ असा निघतो की, अन्यत्र अमुक खाणाऱ्या माणसाने येथे झोपूही नये. अमुक पदार्थ येथे शिजत नाही, असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येक घराला आहे. अमुक पदार्थ खाणारा मनुष्य येथे नको असे म्हणणे, म्हणजे जुनी चाळणी धुऊन पुसून नव्या खुंटीला टांगणे होय.

या व्यवहाराला गमतीची बाजू नाही असे नव्हे. पाहुणा गेल्यावर तो आम्हांला पाचपैकी तारे देतो आणि आम्हीही त्याच्याविषयी चार ओळी लिहितो. दोघांचे लिहून होईपर्यंत, अथवा चौदा दिवस उलटेपर्यंत, एकाचे लिहिणे दुसऱ्यास दिसत नाही. परीक्षक आणि परीक्षार्थी यांनी एकाच दालनात बसून एकमेकांचे पेपर तपासावेत असा हा प्रकार. एका गृहस्थांनी रात्रभर समुद्राचा आवाज येतो म्हणून एक तारा कापला होता. दुसऱ्यांनी तोच आवाज पुरेसा येत नाही अशी तक्रार केली. पहाटे कोंबडा आरवतो याबद्दल मात्र मते इतकी निरनिराळी पडली आहेत की, तो कोंबडा आमच्या घरातील सर्वांत वादग्रस्त प्राणी ठरला आहे. परंतु या ताऱ्यांतही एक न्याय आहे. फुकटच्या पाहुण्याला गादीतला ढेकूण मुकाट्याने सोसावा लागे. पैसे दिलेला मनुष्य गादी बदला असे म्हणू शकतो, आणि तसे म्हणण्यात त्याला कृतघ्नतेचा दोष लागत नाही. त्याचप्रमाणे, ठरल्या वेळेनंतर 'आता निघावे' असे म्हणण्यात आम्हांलाही अगत्यशून्यतेचा दोष लागत नाही. दोन्ही पक्षांना ताठ मानेने बोलता येणे ही सौजन्याची काही लहान पायरी नव्हे.

तथापि पैशाच्या या देवघेवीला एक कुंपण असावे, हेही तितक्याच आग्रहाने सांगितले पाहिजे. अलीकडे किनाऱ्यावर अशी घरे वाढत आहेत की, ज्यांत कोणीच राहत नाही. मालक शहरात, किल्ली दाराशेजारच्या कुलपाच्या पेटीत, आणि पाहुणा पेटीचा आकडा दाबून आत. तेथे छप्पर विकत मिळते. परंतु ज्याचे 'या' म्हणणे किंवा न म्हणणे याला काही अर्थ आहे असा यजमानच तेथे नसतो. गावच्या विहिरीचे पाणी किती उरले आहे, कचरा कोठे जातो, याची चिंता करणाराही नसतो. मोठ्या शहरांतून याचे परिणाम अधिक तीव्र झाले आहेत. न्यूयॉर्कमध्ये २०२३ सालच्या सप्टेंबरपासून जो कायदा अमलात आला त्याप्रमाणे तीस दिवसांहून कमी मुक्कामासाठी घर द्यावयाचे तर यजमानाने स्वतः त्या घरात हजर असले पाहिजे, आणि पाहुणे दोनांहून अधिक असू नयेत. बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४ साली असे जाहीर केले की, शहरातील प्रवाशांच्या १०,१०१ घरांचे परवाने २०२८ च्या अखेरीपर्यंत संपुष्टात आणावयाचे, कारण गावकऱ्यांनाच राहण्यास घरे परवडेनाशी झाली. याच्या उलट उदाहरण आमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातील वेळासचे. तेथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने समुद्री कासवांच्या अंड्यांचे रक्षण आरंभिले. पिल्ले समुद्राकडे धावताना पाहण्यास आलेले प्रवासी गावातल्या राहत्या घरांतून उतरतात, घरच्यांनी केलेले जेवतात, आणि कासव जगल्याने आपल्या घरात चार पैसे येतात हे गावाला कळते. एकच धंदा, पण एके ठिकाणी त्याने गाव रिकामे केले, दुसऱ्या ठिकाणी गावाला धरून ठेवले. फरक इतकाच की, वेळासच्या घरात दार उघडणारे कोणी आहे.

हे सर्व मांडूनही आमच्या पुण्याच्या मित्रांचा मूळ प्रश्न शिल्लकच राहतो. पैसे घेतल्यावर अगत्याला जागा उरते काय? याचे उत्तर आम्हांला एका वाईट वर्षात मिळाले. २०२० च्या मार्चअखेरीस साथीमुळे सारा देश बंद झाला आणि ऐन हंगामातल्या सगळ्या तारखा रद्द झाल्या. त्यातच ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले. एका दुपारीत वाडीतल्या निम्म्याहून अधिक पोफळी मोडून पडल्या, माडीवरची कौले उडाली, आणि वीज कित्येक दिवस आली नाही. मोबाईलला आवाज येऊ लागल्यावर ज्यांचे फोन आले त्यांत नातलग होते. परंतु पूर्वी उतरून गेलेले पाहुणेही होते. त्यांतले एक गृहस्थ आमच्या चांगले स्मरणात होते, कारण दोन वर्षांपूर्वी न्याहारीच्या दरावरून त्यांनी शंभर रुपयांसाठी चिकाटीने घासाघीस केली होती. ते म्हणाले, "काका, चार रात्रींचे पैसे आताच पाठवून ठेवतो." आम्ही म्हटले, "अहो, वर छप्पर नाही, आणि केव्हा सुरू होईल ते सांगता येत नाही. कोणत्या तारखा लिहू?" ते म्हणाले, "तारखा लिहू नका. रिकाम्याच ठेवा."

ती रक्कम आम्ही वहीत लिहिली, आणि तिच्यासमोरील तारखेचा रकाना त्यांच्या म्हणण्याप्रमाणे रिकामा ठेवला. कौले त्याच पैशाने आली. पुढे दोन वर्षांनी ते सहकुटुंब आले, चार रात्री राहिले, आणि जाताना न्याहारीच्या वाढलेल्या दराविषयी त्यांनी पुन्हा एकदा तक्रार केली. आम्हांला ती तक्रार ऐकून बरे वाटले. उपकार केल्याची जाणीव त्यांनी आमच्यावर लादली नव्हती. जो हिशेबाचा भाग होता तो हिशेबातच ठेवला होता.

तेव्हापासून आमचे असे मत बनले आहे की, किंमत आणि अगत्य यांचे वैर नाही. किंमत ठरलेली असली म्हणजे अगत्य कोठून सुरू होते ते उलट अधिक स्वच्छ दिसते. खोली, गादी, न्याहारी, ऊन पाणी यांचे पैसे घेतले; ते चुकते झाले. त्यापलीकडे पाहुण्याच्या लेकराला ताप आला तेव्हा रात्री डॉक्टरांचे दार ठोठावणे, किंवा यजमानाच्या म्हाताऱ्या काकूंना 'जेवलात का' असे विचारणे, यांचा दर कोणत्याही पाटीवर लिहिलेला नसतो व लिहिताही येत नाही. तेवढेच आतिथ्य, आणि पूर्वीही तेवढेच आतिथ्य होते. बाकीचे सारे कोणीतरी, बहुधा चुलीशी बसलेल्या कोणीतरी, चुकते केलेले देणे होते. नव्या व्यवहाराने ते देणे उजेडात आणले, आणि नीट मनावर घेतले तर 'कुणापैकी?' हा प्रश्न उंबऱ्याबाहेर ठेवण्याची संधीही दिली. ती साधावयाची की दवडावयाची, हे मात्र कोणत्याही कंपनीच्या हाती नाही. ते दार उघडणाऱ्याच्या हाती आहे. आमच्या नोंदवहीत नाव, गाव, तारीख व रक्कम असे चार रकाने आहेत. पाचवा आम्ही आखलेला नाही.